निषादाचा मुक्काम

पेटीवर षड्ज, गंधार आणि पंचम एकदम दाबले की जो भरदार स्वरमेळ निघतो, त्याला पाश्चात्य संगीतात मेजर कॉर्ड म्हणतात. गाणे घरी पोचले, असे आपल्याला वाटते. आता त्यांवर शुद्ध निषाद ठेवावा. घर तेच, पण दार किलकिले राहिल्यासारखे होते. असाच एकेक स्वर वगळून तारसप्तकातले ऋषभ, मध्यम आणि धैवत चढवीत गेलो, तर सातही स्वर एका मेळात येतात. स्वरमेळांचा विचार असा एकावर एक रचलेल्या स्वरांच्या रूपाने रामोने १७२२ साली पॅरिसमध्ये ग्रंथात मांडला.

परंतु निषाद वरच्या षड्जाला अगदी खेटून असतो, म्हणून खटकतो. त्यासाठी शाळेचा दंडक असा, की तो आधीच्या मेळात येऊन गेलेला असावा आणि मग त्याने एक पायरी खाली उतरावे. पाहुण्याने यावे, मुक्काम करू नये!

पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत आळशी म्हणून शेरा मिळवलेल्या एरिक सातीने १८८८ साली ‘जिम्नोपेदी’ ही तीन छोटी पियानोगते रचली. पहिलीच्या आरंभी दोनच स्वरमेळ आलटून पालटून येतात आणि दोन्हींत निषाद आहे. गंमत अशी, की पहिल्याचा निषाद जागचा हलतच नाही. खालचा षड्ज बदलतो आणि तोच स्वर दुसऱ्या मेळाचा गंधार होतो. यमनासाठी तंबोऱ्याची पंचमाची तार निषादात लावणारे गवई आपण ऐकले आहेत, तेव्हा या शेजाराचे आपल्याला फारसे नवल वाटू नये. आम्हांला तर वाटते, की खटकण्यात स्वराचा दोष थोडा आणि सवयीचा अधिक.

राव्हेलच्या १९०१ मधील ‘झ्य दो’ या पाण्याच्या खेळावरील रचनेत निषादासोबत ऋषभही आरंभीच येतो, आणि शेवटही निषादासकट होतो. हाच राव्हेल १९०५ साली, तिसाव्या वर्षी, सरकारी रोम पारितोषिकाच्या प्राथमिक फेरीतच गळाला. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. कॉन्झर्व्हेटरीचे प्रमुख द्युब्वा पायउतार झाले आणि राव्हेलचे गुरू फोरे त्या जागी आले.

त्याच वर्षी एकोणचाळीस वर्षांचा साती दुसऱ्या एका संगीतशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. ज्या नियमांना त्याने बगल दिली होती, ते त्याने बाकावर बसून पहिल्यापासून गिरवले आणि १९०८ साली पदविका घेतली.