दोन घरं खरंच ‘सारखी’ आहेत का? नकाशावरून असं ओळखा

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधल्या अनेक जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सुरू आहे. नव्या इमारतीचा नकाशा व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, की प्रश्न येतोच: सगळ्यांना सारखंच घर मिळतंय ना? याचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे.

क्षेत्रफळ सारखं म्हणजे घर सारखं नव्हे
रेरा कायद्यानुसार (२०१६) बिल्डरला घराचं कार्पेट क्षेत्रफळ सांगावंच लागतं. पण ३० × २० फूट आणि ४० × १५ फूट, दोन्हींचं क्षेत्रफळ ६०० चौरस फूटच. एक आकृती दुसरीवर तंतोतंत बसत नाही, म्हणून त्या एकरूप नाहीत.

एकरूपता कशी सिद्ध करायची?
आकृती सरकवा (स्थानांतरण), फिरवा (परिभ्रमण) किंवा उलटवा (परावर्तन). या तिन्ही क्रियांत लांबी आणि कोन बदलत नाहीत. त्यामुळे अशा क्रियांनी एक आकृती दुसरीवर नेमकी बसली, तर त्या एकरूप.

‘बाकोबा’ कसोटीमागेही हेच आहे. त्रिकोण सरकवून आणि फिरवून एक समान बाजू जुळवायची, गरज पडल्यास उलटवायचा. कोन समान असल्यामुळे दुसरी बाजू योग्य दिशेला पडते. लांबी समान असल्यामुळे तिसरा शिरोबिंदूही जुळतो.

लिफ्टच्या डावी-उजवीकडची घरं बहुधा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. कागद मधल्या रेषेवर घडी घालून उजेडाकडे धरा. सगळे कोपरे आणि भिंती जुळल्या तर घरं एकरूप. मात्र एका हॉलला सकाळचं ऊन मिळेल, तर दुसऱ्याला संध्याकाळचं, असंही होऊ शकतं.

समरूपता: नकाशा आणि प्रत्यक्ष घर
आकृती सर्व दिशांना एकाच पटीत लहान-मोठी केली, तर कोन तेच राहतात. अशा आकृत्या समरूप. १:१०० नकाशात ४ × ३ मीटरची खोली ४ × ३ सेंटिमीटर दिसते. लांबी १०० पट, पण क्षेत्रफळ १०,००० पट होतं.

खोली ५ × ३ सेंटिमीटर काढली असेल, तर? लांबीत एका मीटरला १.२५ सेंटिमीटर, रुंदीत १. पट वेगळी, म्हणजे चित्र ताणलेलं आहे. कोपरे काटकोनातच दिसतात, म्हणून फसगत होते. सही करण्याआधी दोन्ही मापं तपासावीत.