बॅटरीत शिल्लक किती? घरी बनवा चार दिव्यांचा दर्शक

महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले आणि त्यांच्यासोबत आलेली अवजड बॅटरी गॅलरीच्या कोपऱ्यात कायमची विसावली. वीज गेल्यावर ही बॅटरी आणखी किती वेळ साथ देईल, याचे उत्तर साध्या इन्व्हर्टरवरील हिरवा-तांबडा दिवा देत नाही. तांबडा दिवा लागतो तेव्हा अंधार होण्यास थोडाच अवधी उरलेला असतो. बॅटरीची शिल्लक दाखवणारा छोटा परिपथ घरी तयार करणे कठीण नाही. कठीण आहे ते त्याच्या दिव्यांचा अर्थ लावणे. म्हणून आधी तेच पाहू.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्टे यांनी १८५९ मध्ये शोधलेली शिसे-आम्ल बॅटरी आजही तत्त्वतः तशीच आहे. बॅटरी वापरली जाते तसे तिच्यातील सल्फ्युरिक आम्ल शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटच्या रूपाने बसते आणि द्रावण पातळ होत जाते. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व घटले की विद्युतदाबही घटतो. एका घटाचा दाब म्हणजे विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४, असा ढोबळ पण उपयुक्त नियम आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट असतात. मोटारीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व १.२६५च्या आसपास असते, म्हणजे दाब सुमारे १२.६ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या अनेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांत मात्र आम्ल मुळातच पातळ, १.२४च्या आसपास, ठेवलेले असते. त्यांचा पूर्ण दाब १२.५ व्होल्टपाशीच थांबतो. मोटारीच्या बॅटरीसाठी छापलेला तक्ता डोळे मिटून वापरला, तर धडधाकट ट्यूब्युलर बॅटरीही कायम अपुरी भरलेली वाटेल. बॅटरीवरील पत्रकात विशिष्ट गुरुत्वाचा आकडा असतो तो पाहावा, किंवा पूर्ण चार्जिंगनंतर हायड्रोमीटर बुडवून स्वतः मोजावा.

हा हिशेब विश्रांतीतील बॅटरीचा आहे, हे विसरता कामा नये. चार्जिंग चालू असताना दाब साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतो आणि रिकामी बॅटरीही भरलेली भासते. उलट पंखे व दिवे चालू असताना दाब काही दशांश व्होल्टने खाली ओढला जातो. चार्जिंग थांबल्यावर किंवा भार काढल्यावर काही तास जाऊ द्यावेत, तेव्हाच आकडा खरा मानावा. सतत लुकलुकणारा दर्शक दिसायला आकर्षक असला तरी बहुतांश वेळ तो खोटेच सांगत असतो. आपल्या दर्शकाला म्हणून एक दाबायचे बटन द्यायचे आहे.

परिपथाचा गाभा एलएम ३३९ ही १४ पायांची आयसी. तिच्यात चार तुलनाकारक असतात. प्रत्येकाला दोन दाब दिले की त्यांतला मोठा कोणता ते तो सांगतो. तुलनेसाठी एक अढळ दाब लागतो. तो टीएल ४३१ देतो. त्याचा रेफरन्स पाय कॅथोडला जोडावा, अॅनोड ऋण तारेला, आणि धन तारेपासून कॅथोडपर्यंत २.२ किलोओहमचा रोध लावावा. कॅथोडवर सुमारे २.५ व्होल्ट मिळतात. झेनर डायोडही चालला असता, पण तापमानानुसार तो अधिक सरकतो आणि येथे दशांश व्होल्टचा प्रश्न आहे. हा दाब आयसीच्या ५, ७, ९ आणि ११ या पायांना द्यावा. पाय ३ धन, पाय १२ ऋण.

बॅटरीचा दाब विभागून ४, ६, ८ आणि १० या पायांना द्यायचा आहे. प्रत्येक पायासाठी धन तारेपासून ३९ किलोओहमचा रोध, आणि पायापासून ऋण तारेपर्यंत ९.१ किलोओहमचा रोध व त्याच्या ओळीत २ किलोओहमचा अनेक फेऱ्यांचा प्रीसेट. या जोडणीत दिवा लागण्याची पातळी सुमारे ११.३ ते १३.२ व्होल्टच्या दरम्यान कोठेही बसवता येते. प्रीसेटऐवजी केवळ स्थिर रोध वापरण्याचा मोह टाळावा. बारा व्होल्टमध्ये एक टक्का चूक म्हणजे ०.१२ व्होल्ट, आणि आपल्या दोन दिव्यांतील अंतरच ०.२ व्होल्ट आहे! याच चारही पायांपासून ऋण तारेपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावला की इन्व्हर्टरचा गोंगाट दिव्यांपर्यंत पोहोचत नाही.

एलएम ३३९चा निर्गम विद्युतप्रवाह केवळ खाली ओढू शकतो, वर ढकलू शकत नाही. त्यामुळे एलईडी धन तारेकडून २.२ किलोओहमच्या रोधातून निर्गमाकडे जोडावा. पाय ४च्या तुलनाकारकाचा निर्गम २, पाय ६चा १, पाय ८चा १४ आणि पाय १०चा १३. हा क्रम सरळ नसल्याने जोडणीत सर्वाधिक चुका येथेच होतात. बॅटरी भरलेली असताना चारही दिवे लागतील आणि शिल्लक घटेल तसा एकेक विझेल.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतात. जोडणी छिद्रांच्या सर्वसाधारण बोर्डावर करावी आणि सोल्डरिंग बॅटरीपासून दूर, दुसऱ्या खोलीत. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो; हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. धन टर्मिनलला लागूनच अर्ध्या अँपिअरचा फ्यूज हवा, बोर्डाजवळ नव्हे, कारण फ्यूजच्या आधीच तार घासून उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. फ्यूजनंतर १एन५४०८ डायोड धन आणि ऋण तारांमध्ये, कॅथोड धन बाजूला ठेवून लावावा. तारा चुकून उलट्या लागल्या तर फ्यूज जाईल, आयसी वाचेल. काम करताना अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. बटन फ्यूजनंतर धन तारेत येईल. चारही दिवे लागले की परिपथ सुमारे २४ मिलिअँपिअर घेतो. बटनाशिवाय तो चालूच राहिला तर महिन्याला सतराएक अँपिअर-तास खाईल. दीडशेच्या बॅटरीतून हे कमी नव्हे.

दिव्यांच्या पातळ्या बसवण्यासाठी बदलता दाब देणारा पॉवर सप्लाय आणि डिजिटल मल्टिमीटर लागतो. ट्यूब्युलर बॅटरीसाठी १२.४, १२.२, १२.० आणि ११.८ व्होल्ट, तर मोटारीच्या बॅटरीसाठी १२.६, १२.४, १२.२ आणि १२.० या पातळ्या योग्य ठरतात. पुरवठा हव्या त्या आकड्यावर आणावा आणि त्या दिव्याचा प्रीसेट तो नेमका लागेपर्यंत सावकाश फिरवावा. सीमेवर दिवा मंद थरथरला तर तो दोष समजू नये. ट्यूब्युलर बॅटरीत १२.० व्होल्टचा दिवा विझला की निम्मी शिल्लक वापरली गेली असे धरावे. वारंवार याखाली जाणे बॅटरीचे आयुष्य तोडते, आणि रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर पट्ट्यांवरील सल्फेट कडक होऊन कायमचे बसते.

एक मर्यादा मात्र कोणताही दाबदर्शक ओलांडू शकत नाही. जुनी बॅटरी चारही दिवे लावील आणि तरी अर्ध्या तासात मान टाकील, कारण दाब भरलेपण सांगतो, भांडे केवढे उरले ते नाही. त्याची परीक्षा वेगळी. ६० वॅटचा बारा व्होल्टचा मोटारीचा दिवा सुमारे ५ अँपिअर घेतो; पूर्ण भरलेल्या दीडशेच्या बॅटरीवर तो दहा तास लावला तर एक-तृतीयांश शिल्लक खर्च व्हायला हवी. काही तास विश्रांती देऊन बटन दाबावे. त्या वेळी १२.० व्होल्टचा दिवा विझलेला असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. घरात ऑक्सिजन यंत्रावर असलेला रुग्ण असेल तर ही परीक्षा वर्षातून दोनदा घ्यावी, मात्र त्या काळात दुसरी सोय हाताशी ठेवून.

अलीकडे इन्व्हर्टरसोबत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्याही मिळू लागल्या आहेत. त्यांचा दाब मधल्या बहुतेक टप्प्यात १३.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे हा परिपथ त्यांना लावू नये. त्यांच्यासाठी आत-बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचा जमाखर्च ठेवणारा, शंटवर चालणारा मापकच घ्यावा लागतो.