चांदीची जुनी नाणी : झळाळीपेक्षा अस्सलपणा मोलाचा

सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी हे गोदावरी-दारणा संगमावरील गाव नाणेअभ्यासकांना चांगलेच परिचित आहे. १९०६ मध्ये येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या मुद्रेवरच उमटलेल्या या चिन्हांमुळे सातवाहनांच्या विजयाला भक्कम पुरावा मिळाला. नाण्यावरील प्रत्येक खूण किती बोलकी असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

नव्या संग्राहकांची सुरुवात बहुधा घरातील राणीछाप रुपयापासून होते. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. त्यामुळे वजन ही अस्सलपणाची प्राथमिक कसोटी ठरते. मात्र ती पुरेशी नाही.

दर्जा ठरविण्यासाठी जगभर ७० गुणांची श्रेणी वापरली जाते. ६० व त्यापुढील गुण चलनात न फिरलेल्या नाण्यांना मिळतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या पीसीजीएस व एनजीसी या संस्था नाणे तपासून पारदर्शक डबीत बंद करतात. डबीवरील क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण डब्याही बनावट असू शकतात.

लक्ष्मीपूजनाआधी चिंच किंवा पावडर लावून रुपये घासण्याची अनेक घरांत प्रथा आहे. परंतु घासलेल्या नाण्याला सहसा गुणांक मिळत नाही व त्याची किंमतही घटते. काळसर थर तसाच राहू द्यावा आणि नाणे कडेने धरावे.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मूल्याचा साठा सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. साठा दडविणे हा गुन्हा ठरतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू असून खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत.

नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणे संशोधन संस्थेने संग्रहालय उभारून या विषयाच्या अभ्यासाला मोठी चालना दिली. घरातील जुना रुपया सराफाच्या मुशीत जाण्यापूर्वी जाणकाराला दाखविणे केव्हाही हितावह. वितळलेल्या नाण्याची चांदी उरते, इतिहास उरत नाही.