स्वारीच्या घोड्याचे चावऱ्या कीटकांपासून संरक्षण

स्वारीच्या घोड्याचे चावऱ्या कीटकांपासून संरक्षण हा अश्वपालनातील एक व्यावहारिक विषय आहे. मोकळ्या कुरणातील घोडा माशी बसताच शेपटी फिरवतो, मान झटकतो, पाय आपटतो आणि कातडीखालच्या स्नायूंच्या साह्याने नेमकी तेवढीच जागा थरथरवतो. पाठीवर स्वार बसला की यांपैकी बऱ्याच हालचालींवर बंधन येते. लगामामुळे मान वळवता येत नाही, तर खोगीर व तंग यांखालची कातडी झाकलेली राहते. चालत्या घोड्याने पोटावरची माशी उडवण्यासाठी मागचा पाय झाडला, तर तो रिकिबीत अडकण्याचा किंवा शेजारच्या स्वाराला लागण्याचा संभव असतो. घोडा अकस्मात उधळण्यामागे पुष्कळदा त्याचा स्वभाव नसून एखादा दंश असतो. त्यामुळे या विषयाचा संबंध स्वाराच्या सुरक्षिततेशीही येतो.

प्रमुख कीटक

डांस (टॅबॅनिडी कुळ) हे स्वारीतील सर्वांत त्रासदायक कीटक होत. यांची फक्त मादी रक्त पिते. तिची मुखांगे पात्यासारखी असल्याने ती कातडी कापते व ओघळणारे रक्त चाटते. दंश अतिशय वेदनादायक असतो. डांस उष्ण, उन्हाळी हवेत व भर दिवसा सक्रिय असतात. अनेक जातींच्या अळ्या ओढे, तळी व दलदल यांच्या काठच्या चिखलात वाढतात. दुडक्या चालीने जाणाऱ्या घोड्याचा ते सहज पाठलाग करतात. केवळ वेग वाढवून त्यांच्यापासून सुटका होत नाही.

तबेल्यातील माशी (स्टोमॉक्सिस) दिसायला घरमाशीसारखी असते, परंतु तिचे नर व मादी दोघेही चावतात, बहुधा पायांना. लीद व कुजके गवत यांच्या मिश्रणात तिची पैदास होते. चिलटे (क्युलिकॉइडिस) आकाराने अगदी लहान असून पहाटे व तिन्हीसांजेला येतात. त्यांच्या लाळेची अधिहर्षता असलेल्या घोड्यांना आयाळ व शेपटीच्या मुळाशी तीव्र खाज सुटते. असा घोडा अंग घासून घासून जखमा करून घेतो.

बॉट माशी (गॅस्टेरोफिलस) चावत नाही, तरी तिच्या चाहुलीने घोडे बिथरतात. ती केसांना, विशेषतः पुढच्या पायांच्या केसांना, पिवळसर अंडी चिकटवते. तिला डांस समजण्याची चूक वारंवार होते.

रोगप्रसार

भारताच्या दृष्टीने यांतील महत्त्वाचा रोग म्हणजे सर्रा. ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे आजारी घोडे व उंट यांच्या रक्तात या रोगाचा परजीवी पाहिला. पुढे त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असे नाव मिळाले. डांसाच्या शरीरात हा परजीवी वाढत नाही. मुखांगांना लागलेल्या ताज्या रक्ताबरोबर तो यांत्रिकपणे एका जनावरातून दुसऱ्यात जातो. म्हणूनच अर्धवट रक्त पिऊन हुसकावलेली माशी शेजारच्या घोड्यावर जाऊन बसणे धोक्याचे ठरते. अश्वांचा संसर्गजन्य रक्तक्षयही असाच पसरतो. अमेरिकेत बाधित घोडा इतरांपासून किमान २०० यार्ड (सुमारे १८० मीटर) दूर ठेवण्याचा दंडक याच कारणाने घातला गेला.

सर्रा हा जनावरांचाच रोग मानला जाई. मात्र महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला त्याची बाधा झाल्याचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. या परजीवीचा नाश करणारे, सर्वसाधारणपणे मानवी रक्तात आढळणारे एक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, असे पुढील संशोधनात दिसून आले. चिलटांमार्फत पसरणारी आफ्रिकी अश्वव्याधी १९६० च्या सुमारास पश्चिम आशियातून भारतापर्यंत पोहोचली होती.

रंग व पट्टे

हंगेरीतील गाबोर होर्वाथ व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डांस ध्रुवित प्रकाशाकडे आकर्षित होतात आणि गडद, तुळतुळीत अंगाच्या घोड्यापेक्षा पांढऱ्या घोड्यावर कमी येतात. या संशोधनाला २०१६ चे विनोदी ढंगाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले, पण निष्कर्ष विनोदी नाही. टिम कॅरो व सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घालून केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माश्या पट्टेदार झुलीजवळ येत, मात्र तिच्यावर उतरणाऱ्यांची संख्या फारच कमी होती. उघड्या डोक्यावर मात्र त्या पूर्वीइतक्याच बसत. झूल जेवढे झाकते तेवढेच वाचवते, हे यावरून स्पष्ट होते.

स्वारीतील उपाय

वेळ व वाट यांची निवड हा सर्वांत स्वस्त उपाय होय. भर दुपार टाळल्यास डांस टळतात, पण पहाट व संध्याकाळ चिलटांची असते. त्यामुळे सकाळी ऊन तापण्यापूर्वीचा काळ त्यातल्या त्यात सोयीचा. चिलटे दुबळी उडणारी असून ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यातही त्यांचा उपद्रव बराच कमी होतो. ओढ्याकाठच्या व झाडीच्या कडेच्या वाटेपेक्षा उघडी, वाऱ्याची वाट बरी.

जाळीची कानटोपी, कपाळपट्टीला लावलेली झालर आणि खोगिरामागे पाठ व पुठ्ठे झाकणारी हलकी जाळीदार झूल ही नेहमीची साधने आहेत. डोळ्यांवरून घ्यायची जाळी स्वारीसाठी बनवलेली व घोड्याला सवयीची असावी. कुरणातली जाड जाळी घालून स्वारी करू नये. शेपटी व कानांतले केस शोभेसाठी कापणे म्हणजे घोड्याचे निसर्गदत्त शस्त्र काढून घेणे होय. ब्रिटनमध्ये शेपटी छाटण्यास १९४९ च्या कायद्याने बंदी घालण्यात आली.

फवाऱ्यांमध्ये पर्मेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडे सर्रास वापरली जातात. ती मांजरांना व माशांना विषारी असल्याने तबेल्यातील मांजर आणि पाणवठा यांची काळजी घ्यावी लागते. माणसांसाठीचे डीट हे द्रव्य घोड्यांत तीव्र प्रमाणात वापरल्यास घाम व कातडीचे विकार उद्भवू शकतात. शिवाय त्याने प्लॅस्टिकच्या वस्तू खराब होतात. गवती चहाच्या जातीचे सिट्रोनेला तेल, कडुनिंबाचे व करंजाचे तेल यांचा गुण अल्पकाळ टिकतो. कोणताही फवारा घामाने धुऊन जातो, हे लांबच्या स्वारीत विसरले जाते. नवे द्रव्य आधी लहानशा जागी लावून पाहावे, खोगिराखाली लावू नये आणि तोंडावर न फवारता फडक्याने पुसावे.

डांस बसलाच तर स्वाराने हाताने किंवा पानांच्या डहाळीने तो उडवावा. पोटाखाली बसल्यास शक्य तेथे उतरावे. समूहात घोड्यांमध्ये अंतर वाढवावे. मान झटकणाऱ्या घोड्याचा लगाम करकचून ओढल्यास तो अधिकच अस्वस्थ होतो.

स्वारीनंतर

मोतद्दाराने घाम धुऊन खरारा करताना पोटाची मध्यरेषा, काखा, कानांचा आतला भाग व शेपटीखालची जागा तपासावी. साध्या गाठी बहुधा काही दिवसांत बसतात. अधूनमधून येणारा ताप, पाय व पोटाखाली सूज, चारा खाऊनही रोडावणे ही लक्षणे सर्राची असू शकतात. अशा वेळी रक्ततपासणीसाठी पशुवैद्याला बोलवावे. तबेल्याभोवती लिदीचे ढीग व ओला कडबा साचू दिल्यास स्टोमॉक्सिस माशीची पैदास घराशीच होते आणि वरील उपायांचा लाभ निम्म्यावर येतो.