जलपात्रांतील समतोल : एका घराण्याच्या तीन पिढ्या

दिवाणखान्यांत कांचेचें जलपात्र ठेवावें, त्यांत हिरव्या पाणवनस्पति लावाव्या, चार सोनेरी मासे सोडावे, ही हौस अनेक घरीं दिसते. परंतु या चिमुकल्या सृष्टीचा समतोल कशानें राहतो, याचा उलगडा होण्यास पाऊणशें वर्षें लागलीं. आणि त्या कामीं इंग्लंडांतील एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचा हात लागला, ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. १८४९ सालीं त्यांनीं सुमारें बारा गॅलनांचें कांचपात्र निम्में पाण्यानें भरलें, तळाशीं वाळू व माती घातली, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. माशांनीं सोडलेला कर्बाम्लवायु वनस्पतीनें घ्यावा व बदल्यांत प्राणवायु द्यावा, असा हा हिशेब होता. प्रथम तो जमला. पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवा थर चढला. तेव्हां त्यांनीं पांच-सहा पाणगोगलगाई आंत सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन पाणी निवळ केलें. शिवाय त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं. १८५० सालीं हा वृत्तान्त त्यांनीं केमिकल सोसायटीपुढें मांडला. तोल साधला खरा. पण माशांच्या मळाचें वनस्पतींना उपयोगी असें खत कसें होतें, हें कोडें उरलेंच.

तें उकलण्यांत त्यांच्या मुलाचा मोठा वाटा आहे. त्यांचेंही नांव रॉबर्टच. १८७७ सालीं श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें होतें कीं, अमोनियाचें नायट्रेट होतें तें सूक्ष्म जंतूंमुळें. रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगक्षेत्रांत धाकट्या वॉरिंग्टनांनीं अनेक वर्षें खपून यांतील दोन टप्पे उघड केले : एका प्रकारचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचें नायट्रेट करतात. ते जंतु निराळे काढण्याचें यश मात्र १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञांस लाभलें. माशांना घातक असा अमोनिया निरुपद्रवी खत कसा बनतो, हें येथें कळलें.

तिसरी पिढी त्यांच्या कन्येची. कॅथरिन वॉरिंग्टन यांनीं त्याच रॉथॅमस्टेड येथें १९२३ सालीं सिद्ध केलें कीं, इतर सर्व अन्न मिळूनही टांकणखारांतील बोरॉनचा लेश नसेल तर बाकल्याचीं रोपें खुंटून मरतात. आणि तोच बोरॉन अधिक झाला तर विषासमान होतो!

जें अन्न सर्वांत अपुरें, तेंच वाढीची सीमा ठरवितें, हा लीबिख यांनीं रूढ केलेला नियम जलपात्रासही लागू आहे. वनस्पति दाट, प्रकाश प्रखर आणि मासे थोडे असतील, तर नत्र, स्फुरद, पालाश, लोह हीं बाहेरून बेतानें द्यावीं लागतात. लोह उणें असतां नत्र दुप्पट घालून पान हिरवें होत नाहीं. खुंटलेल्या पानावर शेवाळ मात्र चढतें. आजोबांना दोन वायूंचा तराजू दिसला, मुलानें त्यांत नत्राचें वजन टाकलें, नातीनें गुंजेहूनही हलकें असें बोरॉनचें. समतोल म्हणजे सर्वांचें सारखें माप नव्हे. ज्याचें त्यास योग्य तेवढें.