मुलांची विद्या व मुलांचें आरोग्य

शाळेचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी सहजच इमारतींकडे, वर्गांकडे व उत्तीर्णांच्या संख्येकडे वळते. परंतु मूल शाळेंत येतें तें केवळ बुद्धि घेऊन येत नाहीं. आपली भूक, आपलें दुखणें व आपली लाजहि तें बरोबर आणतें. हें ज्यांनीं ओळखलें अशा दोन बाईंची हकीकत या महोत्सवाच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १९०७ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोम शहरांतील सान लोरेंझो या मजूरवस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. बाई वैद्यकशास्त्र शिकलेल्या होत्या. वस्तींतील आईबाप दिवसभर कामावर जात, आणि तीन ते सहा वर्षांचीं सुमारें पन्नास मुलें मोकळीं हिंडत. बालगृहांत शिकण्याच्या साधनांबरोबरच स्वच्छता व शरीराची वाढ यांकडेहि लक्ष दिलें जाई. एके दिवशीं बाईंनीं नाक कसें शिंकरावें एवढाच धडा दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करतां नाक कसें पुसावें, हें त्यांनीं करून दाखविलें. आणि धडा संपतांच मुलांनीं टाळ्या वाजविल्या! शेंबड्या नाकावरून बोलणीं खाणाऱ्या त्या लेंकरांना तें न लाजवितां कोणी शिकविलेंच नव्हतें. त्याच बालगृहांत पुढें कांहीं महिन्यांतच मुलें आपणहून लिहूं लागलीं.

हीच दृष्टि आपल्या मुलखांत रुजविली ती ताराबाई मोडक यांनीं. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनीं माँटेसरी पद्धतीनें काम केलें, व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं त्यांनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें बालवाडी काढली. परंतु गरीब वस्तींतील मुलें तेथवर येईनात. तेव्हां मुलें शाळेकडे येत नाहींत तर शाळेनें मुलांकडे जावें, असें ठरलें. वस्तीच्या अंगणांतच शाळा भरूं लागली, आणि तिला अंगणवाडी हें नांव पडलें. मुलांची स्वच्छता, गाणीं, गोष्टी व खेळ हे सारे त्या शाळेचेच पाठ होते. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें गेलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तेथें कुरणशाळाहि निघाली. १९७५ सालीं केंद्र सरकारनें पोषण, आरोग्य व बालशिक्षण एकत्र आणणारी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांचें नांवहि अंगणवाडी हेंच आहे.

धर्मग्रामस्थहो, आपल्या शाळेच्या पुढील वृत्तांतांत उत्तीर्णांच्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना असूं द्या. सकाळीं उपाशी आलेलें मूल कोणी ओळखलें, फळा न दिसणाऱ्या मुलास पुढच्या बाकावर कोणी बसविलें, आणि वर्गांत येणें थांबलेल्या मुलाच्या अंगणापर्यंत कोण चालत गेलें, याची नोंद त्यांत व्हावी.