सीलच्या मिशा आणि धरणाची जाळी

आजचा भाग आजीच्या एका प्रश्नावरून सुचला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्याचं धरण फोडून पुण्यात शिरलं, त्यात तिचं शनिवार पेठेतलं घर गेलं. परवा खडकवासला चौपाटीवर कणीस खाताना तिने भिंतीकडे बघत विचारलं, "पाण्यात उभं असलेलं थरथरत असेल का रे?"

भिंतीचं सोड आजी, पण पाण्यातल्या बारीक वस्तू नक्कीच थरथरतात. उदाहरणार्थ, धरणाच्या मोरीच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळीच्या सळया. सळईला वळसा घालताना पाणी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सोडतं आणि प्रत्येक भोवरा तिला हिसका देतो. स्ट्रौहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने याचं गणित १८७८ मध्ये मांडलं, वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांवरून. आपलं खडकवासला धरण पुरं झालं १८७९ ला! ५ सेंटीमीटर जाडीची गोल सळई आणि सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी घ्या, सेकंदाला भोवऱ्यांच्या साधारण ४ जोड्या सुटतात. सळईची स्वतःची झुलण्याची लय त्याच्याशी जुळली, की लोखंड थकून तुटतं.

इंजिनिअरांनी १९५० च्या दशकात उंच चिमण्यांना नागमोडी पट्ट्या गुंडाळल्या. पुढे समुद्रातल्या पाइपांनाही. कंप थांबतो, पण प्रवाहाचा रेटा वाढतो.

सीलने हे फार आधी सोडवलंय. २००१ मध्ये जर्मन संशोधकांनी डोळे झाकलेल्या सीलला छोट्या पाणबुडीचा माग फक्त मिशांनी काढताना पाहिलं. स्वतःच्या पोहण्याने मिशी थरथरली असती, तर मासा कुठून कळणार? २०१० मध्ये कारण सापडलं. तिची मिशी चपटी आणि लांबीभर लाटेरी असते, त्यामुळे भोवरे विस्कटतात. सी लायनच्या गुळगुळीत मिशीपेक्षा तिच्यावरचे हिसके दसपटीने कमी भरले.

पाणी आडव्या बाजूने आलं, की मात्र ही युक्ती बिघडते. धरणाच्या मोरीत पाणी बहुतेक एकाच दिशेने येतं, म्हणून मला तिथे ती बसेलसं वाटतं. अडचण वेगळीच आहे. जाळी साफ करणारा दाताळा सरळ सळयांवरून सरसर उतरतो, लाटेरी सळईच्या खाचांत आपली प्लास्टिकची पिशवी अडकून बसेल. खडकवासल्यालाच १९१६ पासूनची परंपरा असलेली सीडब्ल्यूपीआरएस आहे, जिथे धरणांच्या छोट्या प्रतिकृतींत पाणी सोडून बघतात. माझं चाललं असतं, तर मी तिथे आधी पिशव्याच सोडल्या असत्या.